शॉकअप नाही, तरी महाग?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही कळेल. वय 41, उंची पाच फूट तीन इंच, वजन 74 किलो. घर वारज्याला, ऑफिस डेक्कनला, जाऊन-येऊन सुमारे 16 किलोमीटर. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. बजेट 20 हजार. दुकानात दोन सायकली दाखवल्या. पहिली 14 हजारांची: 21 गिअर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, जाड टायर. दुसरी साडेसोळा हजारांची हायब्रिड, म्हणजे रस्त्यावरच्या बारीक टायरच्या आणि डोंगरातल्या जाड टायरच्या सायकलीच्या मधली: 8 गिअर, शॉकअप नाही, डिस्क नाही, टायरही बारीक. वस्तू कमी आणि पैसे जास्त, हे कसं, असं तुम्ही विचारलंय.

दुसरी घ्या. मात्र ती तुमच्या मापाची असेल तरच. मापाची नसेल तर दोन्ही सोडा आणि दुसरं दुकान बघा.

आता कारणं. मी 22 वर्षं पुण्यात सायकली दुरुस्त करतोय. त्याआधी वडिलांचं तासावर भाड्याने सायकली देण्याचं दुकान होतं, तिथेच पंक्चर काढायला शिकलो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: सायकलीतले पैसे जिथे फिरतं तिथे असतात. हब म्हणजे चाकाचा मधला भाग, त्यातले छर्रे, रिम, मागची चक्री, चेन. हे भाग दुकानात उभ्या सायकलीत दिसत नाहीत. शॉकअप दिसतो, डिस्क दिसते, 21 आकडा दिसतो. 14 हजारांत दिसणारं सगळं बसवायचं तर न दिसणाऱ्या जागी काटकसर करावीच लागते. दुसऱ्या सायकलीच्या कंपनीने दिसणारं काढून टाकलं आणि ते पैसे चाकात घातले.

गिअरपासून सुरुवात करू, कारण 21 या आकड्याचा मोह सगळ्यांनाच पडतो. या किमतीतल्या 21 गिअरच्या सायकलीला पुढे तीन चकत्या असतात, बहुधा 28, 38 आणि 48 दात्यांच्या, आणि मागे सात, 14 पासून 28 दात्यांपर्यंतच्या. सायकल किती हलकी किंवा जड चालेल हे पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून कळतं. पुढे 28 आणि मागे 14 म्हणजे 2. पुढे 48 आणि मागे 24, तेही 2. लिव्हर वेगळे दाबले, पण पायाला लागणारा जोर तोच. 21 पैकी बरेच गिअर असे एकमेकांची नक्कल असतात, आणि काही तर वापरूच नयेत, कारण त्यात चेन तिरकी ओढली जाऊन घासते.

आता तुमची 8 गिअरची सायकल. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या पाटीवर पुढे 38 आणि मागे 11-34 लिहिलंय. सगळ्यात जड गिअर 38 भागिले 11, म्हणजे 3.45. त्या 21 गिअरवालीचा सगळ्यात जड गिअर 48 भागिले 14, म्हणजे 3.43. फरक नाहीच. सगळ्यात हलका गिअर तुमच्या सायकलीचा 1.12, तिचा 1. इथे तिची थोडी सरशी आहे, पण मागच्या एका चक्रीच्या फरकाएवढीही नाही. म्हणजे पल्ला जवळजवळ सारखाच, आणि तुम्हाला एकच लिव्हर, एकच केबल, एकच डेरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, सांभाळायचं. नवशिक्या माणसाला कर्वे रोडच्या सिग्नलला पुढचा गिअर कोणता आणि मागचा कोणता हा हिशोब डोक्यात नको असतो.

तो 3.45 तुम्हाला पुरेल का, हेही सांगून टाकतो. या चाकाचा घेर साधारण 2.17 मीटर. पायडलचा एक फेरा म्हणजे साडेसात मीटर अंतर. मिनिटाला 70 फेरे मारले तर ताशी 31 किलोमीटर होतात. ऑफिसच्या रस्त्यावर याहून वेग लागत नाही. हलक्या बाजूला मात्र लक्ष द्या. काही स्वस्त हायब्रिडना पुढे एकच 42 ची चकती आणि मागे 14-28 देतात. तिचा सगळ्यात हलका गिअर दीड पडतो. चांदणी चौकाच्या चढावर दीडचा गिअर नवख्या गुडघ्यांना झेपत नाही, दहा दिवसांत सायकल जिन्याखाली जाते. म्हणून दुकानात गिअर किती हे विचारू नका, मागची सगळ्यात मोठी चक्री किती दात्यांची ते विचारा. 32 किंवा 34 असली की पुढचं बोला.

मागच्या चक्रीतच आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि माझ्या मते दोन सायकलींमधला खरा फरक इथे आहे. स्वस्त सायकलीत फ्रीव्हील असतं: आख्खी चक्री हबवर आट्यांनी फिरवून बसवलेली. त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे आत, चक्रीच्या मागे राहतात, आणि तिथून फ्रेमपर्यंत आस आधाराशिवाय बाहेर येतो. सात चक्र्यांची जाडी मोठी, म्हणून हा उघडा तुकडाही लांब. खड्ड्यात चाक आदळलं की तो वाकतो, कधी तुटतो. दुसरा प्रकार कॅसेट, त्यात चक्र्या हबवर सरकवून बसवतात; त्या हबमध्ये छर्रे पार बाहेर, फ्रेमजवळ असतात, आसाला आधार मिळतो. 70 किलोच्या पुढचा माणूस, पाठीवर लॅपटॉप आणि आपले रस्ते, एवढं एकत्र आलं की फ्रीव्हीलचा आस दीड-दोन वर्षांत माझ्या टेबलावर येतो. दुकानात ओळखायची सोपी खूण म्हणजे सगळ्यात लहान चक्रीचे दाते मोजा. 14 असतील तर बहुधा फ्रीव्हील, 11 किंवा 12 असतील तर बहुधा कॅसेट. तुमच्या साडेसोळा हजारांतला मोठा वाटा या एका गोष्टीचा आहे.

शॉकअपबद्दल लोक माझ्याशी सगळ्यात जास्त वाद घालतात. "पुण्यातले रस्ते बघितलेत का?" म्हणतात. रोज बघतो. पण या किमतीच्या शॉकअपमध्ये फक्त स्प्रिंग असते. स्प्रिंग दबते आणि लगेच उसळते, त्या उसळीला आवर घालणारं आत काहीच नसतं. मोटरसायकलच्या शॉकअपमध्ये ते काम तेल करतं, इथे तेल नाही. वर वजन अडीच किलोच्या आसपास, साधा लोखंडी फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, त्याच्या निम्म्याने. चढावर उभं राहून पायडल मारलं की तुमचा जोर पुढे न जाता स्प्रिंग दाबण्यात जातो. आणि आपल्या पावसाचे चार महिने गेले की नळ्यांत पाणी-चिखल शिरून गंज धरतो. दोन पावसाळ्यांनंतर असे बरेच शॉकअप अडकलेले असतात, म्हणजे अडीच किलोचा कडक फोर्कच तो.

धक्का खाण्याचं काम टायरमधली हवा जास्त चांगलं करते. म्हणून हायब्रिड घेताना टायर किती रुंद हे बघा. 35 ते 40 मिलिमीटर उत्तम. 28 मिलिमीटरचा टायर शहरात नवख्याला नको, रस्त्यातल्या जाळीच्या फटीत अडकेल आणि पंक्चरही जास्त होईल. तुमच्या वजनाला 38 च्या टायरमध्ये मागे 55 आणि पुढे 45 ते 50 पीएसआय हवा ठेवून बघा. टायरच्या बाजूवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो, त्याच्या आत राहा. दगडासारखी हवा भरून लोक म्हणतात हायब्रिड फार आदळते. पाच पीएसआय कमी केले की तीच सायकल वेगळी वाटते.

टायरवरून आठवलं. तिथे 37-622 किंवा 40-622 असा आकडा असेल. तो फोनमध्ये लिहून ठेवा. 622 हा रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये, 700सी (हायब्रिडचं नेहमीचं चाक) आणि 29 इंची चाकांचा तो एकच असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात "28 चा टायर" मागितला तर जुन्या काळ्या दांडीवाल्या सायकलचा 28 दीडचा टायर हातात पडतो, त्याचा व्यास 635. तो तुमच्या रिमवर बसत नाही. लोक नवा टायर घेऊन येतात, बसत नाही म्हणून रिमला दोष देतात. आकडा दाखवला की हा घोळच होत नाही. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल तर बरं, हवा कुठेही भरता येते. बारीक, टोकाला स्क्रूवाला असेल तर छोटा पितळी अडॅप्टर घेऊन खिशात ठेवा. पेट्रोल पंपावर भरताना जरा जरा भरा, या ट्यूब लहान असतात आणि हवा झटकन चढते.

ब्रेकचं बोलायचं तर कोरड्या रस्त्यावर नीट लावलेला व्ही-ब्रेक, म्हणजे रबराने रिम दाबणारा साधा ब्रेक, तुम्हाला पुरून उरतो. केबलवाली स्वस्त डिस्क मी नवख्यांना सुचवत नाही. तिच्यात बहुतेक वेळा एकच पॅड हलतो आणि चकतीला ढकलून दुसऱ्यावर टेकवतो. पॅड झिजतील तसं दोन्हीकडून जुळवत राहावं लागतं, नाही तर लिव्हर हँडलला टेकतो तरी सायकल थांबत नाही. पावसात डिस्क सरस आहे, हे मान्य. व्ही-ब्रेकला पावसाळ्यात रबरात वाळूचे कण रुततात आणि रिम खातात, म्हणून आठवड्याला रबर कापडाने पुसायचं. पण एक अट आहे: रिम अॅल्युमिनियमचीच हवी. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक नुसता घसरतो. घरून फ्रिजचं लोहचुंबक घेऊन जा आणि रिमला लावा. चिकटलं तर ती सायकल घेऊ नका. तेच चुंबक हँडलला, सीटच्या नळीला, फ्रेमला लावून बघा. फ्रेम लोखंडी निघाली तर घाबरू नका, लोखंडी फ्रेम थोडी जड पण टिकाऊ असते. रिमच्या बाबतीत मात्र तडजोड नको.

आता माप. यासाठी मी सगळ्यात जास्त भांडतो, कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं, फ्रेम बदलता येत नाही. तुमच्या उंचीला बहुतेक कंपन्यांचा एस, म्हणजे 15-16 इंची फ्रेम लागेल. दुकानात एम शिल्लक असेल तर सांगतील, "मॅडम, सीट खाली करून देतो." सीट खाली केल्याने पाय टेकतील, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं. तुम्ही लांब झोपून हँडल धराल. पहिल्या महिन्यात मान, मग मनगटं, मग बोटांना मुंग्या. माझ्याकडे पाठदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच सायकली एका मापाने मोठ्या असतात.

घरीच मोजून जा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, जाड पुस्तक पायांच्या मध्ये वर घट्ट दाबा, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा 73 सेंटीमीटर आलं. त्याला 0.88 ने गुणा, 64 येतं. दोन्ही पायडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत एवढं अंतर तुमच्यासाठी साधारण बरोबर. फूटपट्टी नसेल तर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल तळाला असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकतो. हे माप खरं, पण पहिले दोन आठवडे सीट एक-दोन सेंटीमीटर खालीच ठेवा, सिग्नलला पाय टेकायची भीती वाटू नये म्हणून. लहानपणी दांडीखालून पाय घालून कैची मारलेल्या माणसालाही 25 वर्षांनी ही भीती वाटते, त्यात काही कमीपणा नाही. सायकलवरून उतरून दोन्ही पायांत फ्रेम घेऊन उभं राहिल्यावर दांडी आणि तुमच्यामध्ये दोन-तीन बोटं जागा हवी.

लहान फ्रेमला 700सी चाक असलं की हँडल वळवताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. दुकानासमोर हळू आठ काढून बघा. जरासं लागणं सवयीने सांभाळता येतं, पण मडगार्ड बसवल्यावर ते वाढतं, म्हणून आत्ताच माहीत असू द्या. फ्रेमवर मडगार्ड आणि कॅरिअरची भोकं आहेत का तेही बघा. रोज ऑफिसला जाणाऱ्या सायकलला मागे कॅरिअर लागणारच. पाठीवरची बॅग उन्हाळ्यात तुम्हाला आठवडाभरात नकोशी होईल.

ब्रँडचं विचारलंत. तुमच्या बजेटच्या आसपास डिकॅथलॉनची रिव्हरसाइड, फायरफॉक्स, माँट्रा असे पर्याय भेटतील. ट्रेकची एफएक्स उत्तम सायकल आहे, पण तुमच्या आकड्याच्या बरीच वर. फ्रेमवरच्या नावापेक्षा मला मागचं डेरेलर आणि हब महत्त्वाचे. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीचं टूर्नी सगळ्यात खालचं, अल्टस त्याच्या वर. टूर्नी वाईट नाही, पण नुसतं डेरेलर शिमानोचं दाखवून बाकी सगळं कशाचं आहे ते कुणी सांगत नाही. ते विचारा. सायकलींवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्क्यांवर आला. छापील किंमत त्याआधीची असेल तर फरक मागून घ्या.

20 हजारांतले सगळे सायकलीवर घालवू नका. हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, कुलूप, मडगार्ड आणि काटा असलेला उभा पंप, एवढ्याला साडेतीन ते चार हजार लागतात. साडेसोळाची सायकल घेतली तर हिशोब बरोबर बसतो. दिवे आधी घ्या, बाकी कमी-जास्त चालेल. ऑफिसमधून परतताना सहानंतर हिवाळ्यात अंधार पडलेला असतो आणि मोटारवाल्याला तुम्ही दिसायलाच हव्यात.

पैसे आणखी वाचवायचे असतील तर जुनी सायकलही बघा. 2020 च्या लॉकडाउनमध्ये पुष्कळ लोकांनी चांगल्या हायब्रिड घेतल्या, त्यातल्या कित्येक बाल्कनीत उभ्या आहेत. 30 हजारांची सायकल 14-15 ला मिळू शकते. चेनला स्टीलची पट्टी लावा: नव्या चेनच्या 12 पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक) म्हणजे बरोबर 12 इंच. पिन पट्टीच्या पुढे दीड मिलिमीटर सरकली असेल तर चेन बदलायची, तीन मिलिमीटर सरकली असेल तर मागची चक्रीही गेली, तेवढे पैसे कमी करा. चाक हातात धरून डावी-उजवी हलवा, खडखडलं तर कप-कोन, म्हणजे छर्रे धरणारे भाग, ढिले किंवा छर्रे संपलेले. चाक फिरवून ब्रेकच्या रबराकडे बघा, चाक आऊट, म्हणजे फिरताना वाकडं डुलत असेल तर लगेच दिसेल. थोडा आऊट काढता येतो. फ्रेमच्या पुढच्या जोडापाशी, हँडलखाली, रंगात बारीक तडा दिसला तर मात्र परत फिरा. उन्हात राहिलेले टायर बाजूने तडकलेले असतात, दोन टायर, ट्यूब आणि केबल मिळून दोन-अडीच हजार धरा. मूळ पावती आणि फ्रेमवरचा नंबर जुळला पाहिजे.

ऑनलाइन खोक्यातून मागवणार असाल तर जुळणी जाणत्या माणसाकडून करून घ्या. गेल्या वर्षी एक मुलगा नवी सायकल घेऊन आला, हँडल विचित्र वळतंय म्हणाला. फोर्क उलटा बसवलेला होता, पुढचं चाक फ्रेमच्या इतकं जवळ की पाय लागत होता. त्यातच डावं पायडल जबरदस्तीने उजव्यासारखं फिरवलेलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, पुढच्या दिशेने फिरवूनच आवळायचं. ते न कळून त्याच्या क्रँकचे, म्हणजे पायडल बसतं त्या दांड्याचे, आटे गेले होते, नवा क्रँक घालावा लागला. पंधरा दिवस तो तशीच चालवत होता, पडला नाही हे नशीब.

शनिवारी जाताना रोजचेच बूट घाला. दुकानासमोर दोन फेऱ्यांवर समाधान मानू नका, जवळच्या उड्डाणपुलाचा चढ किंवा कुठलाही चढाचा रस्ता मागा आणि सगळ्यात हलक्या गिअरवर बसूनच चढा. वर पोचल्यावर बोलता आलं पाहिजे. मग उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत थांबा. त्यानंतर पैसे द्या. आणि पहिले 100-150 किलोमीटर झाले की महिन्याभरात तिला परत दुकानात न्या. नव्या केबल ताणल्या जातात, गिअर चुकायला लागतात आणि आरे बसतात, म्हणून ढिले होतात. पहिली सर्व्हिस बहुतेक दुकानं फुकट देतात, पण तिथे आरे ताणून आऊट काढून द्या असं सांगावं लागतं. न सांगता नुसतं तेल मारून परत देतात.